हलके स्टिअरिंग

माझ्या पत्नीला गाडी चालवायला मी शिकवले, असे मी आजवर अनेकांना सांगितले आहे. त्यात खोटे काही नाही. गाडी माझी होती, आणि शिळफाट्याहून डोंबिवलीकडे येणाऱ्या रस्त्यावर रविवारी सकाळी तिच्या शेजारी बसून क्लच कधी सोडायचा हे सांगणारा आवाजही माझाच होता. मात्र हे सांगताना मी नेहमी त्या सकाळींपाशीच थांबतो. त्यानंतर आलेल्या पावसाळ्याविषयी मी बोलत नाही. त्या पावसाळ्यात मला तिचा मत्सर वाटू लागला. मित्राचा, भावाचा, शेजाऱ्याचा मत्सर वाटला तर माणूस तो निदान हसण्यावारी नेऊन सांगू शकतो. स्वतःच्या बायकोचा मत्सर वाटतो हे सांगण्याची रीत आमच्या पिढीतल्या पुरुषांना कोणी शिकवली नाही.

नव्वदच्या दशकाचा तो मध्य असावा. आम्ही डोंबिवलीला राहत होतो. मी ठाण्याला वागळे इस्टेटमधल्या एका छोट्या कारखान्यात अभियंता होतो आणि ती डोंबिवलीतल्याच एका शाळेत गणित शिकवत असे. आमच्या इमारतीच्या आवारात स्कूटरी उभ्या असत, दोन-तीन साध्या मोटारी असत. माझी मोटार साधी नव्हती. बाहेरून ती टॅक्सीवाले वापरत त्याच चौकोनी गाडीसारखी दिसे. पण तिच्या आधीच्या मालकाने रॅलीत पळवण्यासाठी तिचे इंजिन उघडून नव्याने बांधून घेतले होते. एका कार्ब्युरेटरच्या जागी दोन, झडपा उघडणारा मूळच्यापेक्षा तिखट कॅमशाफ्ट, कापून आखूड केलेल्या स्प्रिंगा, आणि आतल्या बाजूला मागची सीट काढून टाकल्यावर राहिलेला उघडा पत्रा. ॲक्सिलरेटरवर पाय ठेवला की ती मागच्या चाकांवर बसल्यासारखी होऊन पुढे झेपावे. माजिवड्याजवळ गॅरेज असलेल्या माझ्या एका मित्राने ती मला मिळवून दिली होती. त्या गाडीत बसून मी कारखान्याच्या फाटकातून बाहेर पडे तेव्हा सुरक्षारक्षकही वळून पाहत. त्या पाहण्याची मला सवय लागली होती.

गॅरेजवाल्या मित्राभोवती आमच्यासारख्या मोटारवेड्यांचा एक गट जमला होता. या गटाची पावसाळ्याची तयारी ठरलेली असे. पत्रा गंजू नये म्हणून गाडीच्या पोटाला जळके ऑइल मारून घ्यायचे, आणि त्याचे शिंतोडे ब्रेकवर उडतात म्हणून पुढचा दिवसभर जपून चालवायचे. काचेवरून पाणी ओघळून जावे म्हणून तिच्यावर तंबाखू चोळायची. आणि चारही चाकांना रुंद टायर चढवायचे. टायर जितका रुंद तितकी पकड जास्त, ही आमची पक्की समजूत होती. कोरड्या रस्त्यावर ती खरीही होती. म्हणून ती ओल्या रस्त्यावर अधिकच खरी असणार असे आम्ही धरून चाललो होतो. टायरच्या त्या काळ्या रुंदीकडे पाहूनच आम्हाला धीर येई.

श्रावणाच्या सुमारास हा गट एका रविवारी गाड्यांची फेरी काढत असे. ती वेगाची शर्यत नव्हती. माजिवड्याहून निघायचे, मुंब्रा आणि शिळफाट्यावरून कल्याणला जायचे, तिथून टिटवाळ्याकडचे आडरस्ते धरायचे आणि फिरून ठाण्याला परत यायचे. कुठल्या टप्प्यात किती सरासरी वेग ठेवायचा ते आधी सांगितलेले असे. वाटेत अनपेक्षित जागी तपासनीस उभे असत. गाडी उशिरा आली तर ते गुण कापत, आणि लवकर आली तरी कापत. त्यामुळे चालवणाऱ्याइतकेच त्याच्या शेजारी बसून वेळेचे गणित करणाऱ्याला महत्त्व असे. ते काम माझ्या पत्नीकडे होते. आदल्या वर्षी आमचा दुसरा क्रमांक आला होता. मला पहिला हवा होता. आणि खरे सांगायचे तर तो मला चालवणारा म्हणून हवा होता.

तिने शिकायचे ठरवले त्यामागे त्या फेरीचा विचार नव्हता. एके दिवशी भाजी निवडता निवडता ती म्हणाली, "अहो, मला शिकवा ना गाडी. तुम्हाला कुठे वाटेत ताप भरला, तर मी काय ढकलत आणू?"

मी आनंदाने शिकवले. शिक्षक होणे मला आवडले. ती लवकर शिकली याचेही मला कौतुक वाटले, कारण तेव्हा ते माझ्याच शिकवण्याचे यश होते. तिची एक लकब मात्र मला हास्यास्पद वाटे. गाडीत बसताना ती चपला काढून मागे ठेवी, पायांचे तळवे एका जुन्या पंच्याने कोरडे करी आणि मगच पाय पेडलवर ठेवी. मी म्हणे, "देवघरात नाही बसायचंय." ती म्हणे, "घसरायचंही नाहीये," आणि तळवे पुसत राही.

जुलैच्या मध्यावर एका दुपारी आम्ही दोघे शिळफाट्याहून घरी येत होतो. मी चालवत होतो. पाऊस इतका दाट होता की भर दुपारी दिवे लावावे लागले होते. मुंब्र्याच्या खाडीतून काढलेल्या ओल्या रेतीचे ट्रक त्या रस्त्याने जात आणि त्यांच्या फळ्यांमधून रेती सारखी गळत असे. पावसाने ती सगळी रस्त्याच्या कडेला ढकलून तिचा बांध घातला होता. पाण्याला उतरायला वाट उरली नव्हती, ते डांबरावरच तुंबले होते.

मी वेगात होतो. अशा पाण्यात शिरले की स्टिअरिंग हातात एकाएकी हलके होई. एरवी त्या गाडीचे स्टिअरिंग दणकट, दंडांना व्यायाम देणारे. पण त्या क्षणी ते एका बोटाने फिरेलसे वाटे. मला तो क्षण फार आवडे. गाडी आता पूर्ण माझ्या ताब्यात आली, असे मला वाटे. त्या दुपारी तसाच क्षण आला आणि लगेच वळण आले. मी चाक फिरवले. गाडी सरळच जात राहिली. मी ब्रेक दाबला. मागचा भाग बाजूला निघाला, काचेतून भातशेते एका कडेकडून दुसऱ्या कडेकडे सरकत गेली, आणि गाडी थांबली तेव्हा तिचे तोंड आम्ही आलो त्या दिशेला होते. समोरून कोणी येत नव्हते, एवढेच आमचे दैव.

"लागलं का कुठे?" मी विचारले.

"नाही. तुम्हाला?"

"नाही."

"मग इकडे सरका. आता मी घेते."

मी शेजारच्या सीटवर सरकलो. ती पावसातून फिरून आली, बसली, आणि तशाही स्थितीत तिने तळवे पुसले. मग गाडी वळवून ती निघाली. काही अंतर गेल्यावर ती म्हणाली, "मघाशी ते हलकं झालं होतं ना?"

"काय?"

"स्टिअरिंग. तुमच्याकडे बघून कळतं मला. ते हलकं झालं की तुम्ही हसता."

मी काचेवरची वाफ पुसली.

"मला तेव्हाच भीती वाटते," ती म्हणाली. "विहिरीत बादली सोडली आणि हातातला दोर एकदम हलका लागला, तर खूश व्हायचं का? बादली सुटली समजायचं."

आमचे टायर पाणी कापत नव्हते, पाण्यावर चढत होते. रुंद असल्यामुळे अधिकच सहज चढत होते. ही गोष्ट मी, यंत्रशास्त्राची पदवी घेतलेला माणूस, कागदावर क्षणात मांडून दाखवू शकलो असतो. हातांना मात्र ती मी कधी विचारली नव्हती. तिने विचारली होती, आणि तीही माझ्या शेजारी नुसते बसून.

त्या दिवशी उरलेल्या रस्त्यात ती कशी चालवत गेली ते मला आजही जसेच्या तसे दिसते. पुढे एक एसटी चालली होती. तिच्या चाकांनी पाणी बाजूला सारून केलेल्या दोन पट्ट्यांत ती आपली चाके ठेवी. पण एसटीच्या इतक्या मागे राही, की मला वाटे मधे आणखी एक एसटी सहज मावेल. स्टिअरिंग हलके लागले की ती ब्रेकला पायही लावत नसे. चाक सरळ धरून ॲक्सिलरेटर सोडू लागे, चिमटीतून रांगोळी सुटावी तसा हळूहळू, आणि पुन्हा वजन हाताला लागेपर्यंत थांबे. खोल पाण्यातून बाहेर आल्यावर ब्रेक एक-दोनदा हलकेच दाबून वाळवून घेई. वळणाच्या आधीच वेग उतरवलेला असे. वळणात तिला काहीच करावे लागत नसे. ते तीनशे घोड्यांसारखे उधळणारे इंजिन तिच्या पायाखाली एखाद्या समजूतदार जनावरासारखे चालले होते. आणि मी, ज्याचे प्राण नुकतेच वाचले होते, तो मनात म्हणत होतो की ही इतकी चांगली चालवते हे कोणी पाहिले नाही ते बरे झाले.

मत्सराची सुरुवात कुठे झाली असे मी स्वतःला विचारतो तेव्हा उत्तर म्हणून मला हे एकच वाक्य सापडते.

पुढच्या आठवड्यात ती माझ्याबरोबर गॅरेजमध्ये आली आणि तिने जुने अरुंद टायर परत लावायला सांगितले. मित्र टायरवरून हात फिरवत म्हणाला, "वहिनी, हे सायकलचे टायर लावून काय भाजी आणायला जायचंय?"

"भाजीच आणायचीय," ती म्हणाली. "पण ती घरी पोचली पाहिजे ना, भावोजी."

बाकावर बसलेले दोघे-तिघे हसले. मित्राने टायर बदलले आणि थट्टेत, एक चक्कर मारून दाखवा म्हणून, तिच्या शेजारी जाऊन बसला. पाऊस पडत होताच. ते घोडबंदरच्या रस्त्याला लागले आणि दिसेनासे झाले. मी गॅरेजच्या पत्र्याखाली उभा राहून वाट पाहत होतो. आणि काय घडावे अशी माझी इच्छा होती हे मला आता लिहिताना जड जाते. तिला इजा व्हावी असे मला कधीही वाटले नाही. फक्त गाडी एकदा बंद पडावी, गिअर एकदा कर्कश वाजावा, मित्राने उतरताना कपाळाला हात लावावा, इतकेच.

मित्र उतरला. त्याने बिडी पेटवली. मग मला म्हणाला, "तू रोज बसतोस ना वहिनींच्या शेजारी?"

"बसतो. का?"

"मग शिकत का नाहीस काही?"

सगळे खळखळून हसले. "गाडी वहिनींच्या नावावर कर आता," दुसरा कोणी म्हणाला. मीही हसलो. माझे हसणे सर्वांत मोठे होते.

त्यानंतर मी तिच्या शेजारी बसलो की माझा उजवा पाय समोरचा पत्रा दाबू लागला. नको तिथे मी सूचना देऊ लागलो. "गिअर उतरव." "हॉर्न दे." "रिक्षाला वाट का देतेस?" तिने ज्या गोष्टी आधीच केलेल्या असत त्याच मी क्षणभर उशिरा करायला सांगे, म्हणजे त्या माझ्या सांगण्यावरून झाल्या असे वाटावे. एकदा कल्याणला पत्री पुलाच्या चढावर गर्दीत तिच्याकडून गाडी बंद पडली आणि मागच्यांनी हॉर्नचा गोंगाट केला. मी तिला अगदी मऊ आवाजात धीर दिला. इतका मायेने मी तिच्याशी कित्येक दिवसांत बोललो नव्हतो. तिने माझ्याकडे एकदा पाहिले आणि गाडी सुरू केली. त्या पाहण्यात काय होते ते मी तिला कधी विचारले नाही, कारण तिने सांगितले असते.

फेरीला थोडे दिवस उरले असताना ती रात्रीची भांडी पुसत म्हणाली, "या वर्षी मी चालवू का?"

"तू?"

"गेल्या वर्षी मी सारखी घड्याळाकडे बघत होते ना, ते सगळे म्हणाले वहिनींचं लक्ष फार. अहो, रस्त्याकडे बघवत नव्हतं म्हणून बघत होते. मला एकदा तो रस्ता बघायचाय."

ती सहसा काही मागत नसे. हे तिने मागितले होते, आणि तिला ते किती हवे होते हे तिच्या हातातले पुसून झालेले ताट ती पुन्हा पुसू लागली त्यावरून मला कळले.

"बघू," मी म्हणालो.

'बघू' हा शब्द नवऱ्यांच्या फार सोयीचा आहे. तो मी आठवडाभर वापरला. मनात मी दोन्ही बाजूंनी अडकलो होतो. मी चालवले आणि आम्ही हरलो, तर सर्वांना कारण ठाऊक असणार होते. तिने चालवले आणि आम्ही जिंकलो, तर तो चषक माझ्या घरात, माझ्याच कपाटावर राहणार होता.

शेवटी गॅरेजमध्ये सगळे जमलेले असताना, कोणी विचारलेले नसताना, मी मोठ्याने जाहीर केले, "या वर्षी गाडी ही चालवणार. मी आकडेमोड करणार." मंडळींनी टाळ्या वाजवल्या. माझ्या मोठ्या मनाचे कौतुक झाले, मित्राने पाठीवर थाप मारली. ती बाजूला उभी होती. तिने प्रश्न घरात विचारला होता आणि मी उत्तर बाजारात दिले होते. घरी जाताना ती एवढेच म्हणाली, "थँक्यू हं." मला ते पुरेसे वाटले नाही.

फेरीच्या दिवशी पहाटेपासून कोसळत होते. माजिवड्याहून एकेक गाडी सुटली. आम्ही मुंब्रा ओलांडले, डोंगराच्या कडेने रस्त्यावर उतरणाऱ्या लाल पाण्याच्या ओहोळांतून गेलो, शिळफाट्याला वळलो. ज्या वळणावर माझी गाडी फिरली होती तिथून ती कशी गेली हे मला कळलेच नाही. वळण मागे पडल्यावर मला ते ओळखू आले. तपासनीस भेटत गेले. माझी आकडेमोड तिच्याइतकी चपळ नव्हती. मी कागदावर पेन्सिल फिरवत असतानाच ती समोरून नजर न काढता म्हणे, "आपण अर्ध्या मिनिटाने पुढे आहोत ना? जरा सोडते." माझे उत्तर नंतर तेच येई. म्हणजे ती गाडीही चालवत होती आणि माझे कामही करत होती. कल्याणला भेटलेल्या तपासनीसाने छत्रीखालून वाकून सांगितले, "सगळ्यांत कमी गुण तुमचे गेलेत. असेच जा."

पहिला क्रमांक समोर दिसत होता. मला तो इतकी वर्षे हवा होता. आणि आता तो येऊ घातला असताना मला त्याचा आनंद होत नव्हता.

टिटवाळ्याकडे वळणाऱ्या आडरस्त्यावर ओढ्यावर एक फरशी पूल होता. कठडे नाहीत, दोन्ही बाजूंना ठराविक अंतरावर दगडी खांब, आणि एरवी पोटऱ्याही न भिजवणारे पाणी. त्या दिवशी पाणी पुलावरून चालले होते. आमच्या पुढची गाडी पाण्यात शिरलेली होती. मध्यावर तिचा मागचा भाग किंचित सरकला, मग ती सावरली, पलीकडे चढली आणि हॉर्न वाजवून निघून गेली.

माझ्या पत्नीने गाडी अलीकडेच थांबवली.

"काय झालं?" मी म्हणालो. "तो गेला ना. खांबांच्या मधून ने."

"खांब दिसतायत. फरशी दिसत नाहीये. आणि पाणी बाजूने ढकलतंय, तो मध्यावर सरकला."

"सरकला, पण गेला."

"गेला," तिने मान्य केले.

आमच्या मागून दुसरी गाडी आली, आम्हाला वळसा घालून पाण्यात उतरली, आणि तीही पलीकडे गेली.

"पहिला नंबर समोर आहे," मी म्हणालो. "कळतंय का तुला?"

"कळतंय. गणित मलाही येतं."

आणि मग मी ते बोललो. आवाज न चढवता, समजूत घातल्यासारखे. "लोक म्हणतील, बाई चालवत होती म्हणून थांबली."

तिने इंजिन बंद केले. पाण्याचा आवाज त्यामुळे एकदम जवळ आला. तिने किल्ली काढून माझ्या तळहातावर ठेवली. "तुम्ही न्या," ती म्हणाली. "मी इथे उतरते." ती चिडलेली नव्हती. ती चपला घालून, छत्री उघडून उतरली. उतरताना माझ्या मांडीवरचा वेळेचा तक्ता आणि पेन्सिलही तिने घेतली.

मी तिच्या जागेवर बसलो. सीट तिच्या मापाने पुढे घेतलेली होती, माझे गुडघे स्टिअरिंगला लागत होते. इंजिन सुरू केले आणि उतारावरून पुढची चाके पाण्यात घातली. प्रवाहाचा दाब लगेच कळला. गाडीला कोणीतरी खांद्याने रेटत असल्यासारखा. पलीकडचा काठ जवळ होता. मला वाटते, मी गेलो असतो. बहुधा सुखरूप गेलोही असतो, जसे बाकीचे गेले.

मी आरशात पाहिले. ती रस्त्याच्या कडेला उभी होती. छत्री तिने स्वतःपेक्षा तक्त्यावर अधिक धरली होती, आणि ती घड्याळाकडे बघून तक्त्यावर काहीतरी लिहीत होती. मी पाण्यात असताना ती माझ्यासाठी वेळ मोजत होती.

मला शहाणपण सुचले म्हणून मी मागे फिरलो, असे लिहायला मला आवडले असते. तसे नव्हते. माझ्या मनात आले ते इतकेच, की ती शेजारी नसताना मी पलीकडे गेलो, तर ते पाहणार कोण? त्या गटात, त्या गॅरेजमध्ये, साऱ्या ठाण्यात जिला दाखवण्यासाठी मला तो पूल ओलांडायचा होता ती एकटीच होती. आणि तिने तर मला पुलावर जाण्याआधीच किल्ली देऊन टाकली होती. मी रिव्हर्स टाकला. अरुंद टायर चिखलात थोडे फिरले, मग त्यांनी पकड घेतली. वर आल्यावर मी कोणी न सांगता डाव्या सीटवर सरकून बसलो.

ती आत आली, छत्री मिटली, तळवे पुसले. "कल्याणवरून फिरून जाऊ," म्हणाली. "उशीर होईल पुष्कळ. तुमचा नंबर गेला."

"आपला," मी म्हणालो. तो शब्द माझ्या तोंडून त्या दिवशी पहिल्यांदाच निघाला होता.

आम्ही ठाण्याला पोचलो तेव्हा बाकीच्यांचे जेवण आटोपत आले होते. फरशी पुलावरून गेलेल्या सर्व गाड्या धड आल्या होत्या. कोणाला काही झाले नव्हते. तसे झाले असते तर आमचे थांबणे सर्वांना पटले असते. मित्र ताट घेऊन पुढे आला आणि म्हणाला, "काय वहिनी, पाण्याला भ्यालात?"

"हो, भ्याले," ती म्हणाली, आणि वाटीत आमटी वाढून घेतली.

"आणि हा काय करत होता?"

मी खाली पाहिले. आता ती सांगणार असे मला वाटले. सांगण्याचा तिला पूर्ण हक्क होता.

"ते वेळ बघत होते," ती म्हणाली.

त्या क्षणी मला तिचा जितका हेवा वाटला तितका घोडबंदरला वाटला नव्हता, कल्याणला तपासनीसाने गुण सांगितले तेव्हाही नव्हता. गाडी चालवणे शिकता येते. मी थोडेफार तिच्याकडून पुढे शिकलोही. पण इतक्या लोकांसमोर 'हो, भ्याले' म्हणायचे आणि त्यानंतर आमटी वाढून घ्यायची, हे मला तेव्हा येत नव्हते, आणि पन्नाशी ओलांडल्यावरही ते मला जमते असे मी खात्रीने सांगणार नाही.

परत निघताना पाऊस थांबलेला नव्हता. तिने किल्ली माझ्यापुढे धरली. "आता तुम्ही चालवा. माझे खांदे भरून आलेत."

मी सीट मागे घेतली. मुंब्रा येण्याआधीच तिची मान एका बाजूला कलली. प्रथम मला वाटले ती बाहेर बघते आहे. मग तिच्या हातातला पंचा खाली पडला आणि मला कळले की तिला झोप लागली आहे. ज्या माणसाने त्याच रस्त्यावर तिला गरगर फिरवले होते, ज्याने त्याच दिवशी लोकांचे नाव पुढे करून तिला पाण्यात ढकलू पाहिले होते, त्याच्या शेजारी, भर पावसात, ती गाढ झोपली होती. तिच्या शेजारी बसून मी एकदाही डोळा मिटलेला नव्हता.

पुढे रेतीचा एक ट्रक होता. मी वेग उतरवला आणि त्याला दूर जाऊ दिले. मागून एक गाडी हॉर्न वाजवत, पाणी उडवत आम्हाला ओलांडून गेली. त्यातला तरुण मुलगा आमच्या गाडीकडे आणि मग माझ्याकडे बघून हसला. मी त्याला जाऊ दिले. एका सखल जागी स्टिअरिंग हाताला हलके लागले. मी हसलो नाही. पाय सावकाश उचलला, चाक सरळ धरले, आणि गाडीचे वजन पुन्हा हातांत येईपर्यंत श्वास रोखून थांबलो. मग हळूच डावीकडे पाहिले. ती जागी झाली नव्हती.